तुम्ही कोणत्याही रस्त्यावर नाही

सकाळी साडेसातला ती बाई जागी होते
माझ्या कानामागे, हाडाला चिकटून.
कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी.
"ईशान्येकडे चला," सांगते,
जणू ईशान्य दारामागच्या खिळ्याला
छत्रीसारखी टांगलेली असते.

खरं तर त्रिएस्तेत ईशान्य सापडते.
जिकडून बोरा थोबाडीत मारतो, ती.
पण बोरा सुटला की बाईचं तोंड हलतं,
ऐकू काही येत नाही.
"पन्नास मीटरवर" एवढं पोचतं,
काय पन्नास मीटरवर, ते वाऱ्याबरोबर बंदरात.

बाप सांगायचा, पूर्वी असल्या दिवसांत
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधत.
वकील, पाद्री, मासळीवाल्या,
चांगले डोळस लोक
दोराला लोंबकळत घरी जात.
मला त्या दिवसांचा हेवा वाटतो.
अख्खं शहर चाचपडत.

इस्पितळाच्या टेलिफोनवर मी सव्वीस वर्षं.
"तिसरा मजला, लिफ्टमधून उतरून डावीकडे, मूत्रविकार."
दिवसभर न पाहिलेल्या दारांकडे
न पाहिलेली माणसं पाठवते.
म्हणजे आमचा धंदा एकच, बाई.
मला निदान कुणी कुणी आभार मानतं.

तुझ्या नकाशात जे नव्हतं ते दुईलियोने भरलं.
तिसऱ्या मजल्यावरचा, निवृत्त ट्रामचालक.
चार संध्याकाळी माझ्या पुढे चालला,
जागोजाग फोन तोंडाशी धरून ओरडला:
"खांब! परवापर्यंत नव्हता."
"अर्धी पायरी. कुण्या गाढवाने घातली."
"इथे कुत्रा अंगावर येतो, निवेस, पण बांधलेला आहे."
आणि बेकरीपाशी, हळू आवाजात,
"थांब. वास घे."

तेव्हापासून रस्ता दोघं मिळून बोलतात.
ती अंतरं सांगते, तो शिव्या देतो.
वाट पायाखालची व्हायला
मला दोघंही लागतात.

बेकरी गेल्या हिवाळ्यात बंद झाली.
नकाशा सुधारणारी कुणी भली माणसं असतात,
रात्री जागून दुकानं पुसतात, दुकानं लिहितात.
आता बाई तिथे म्हणते, "चष्म्यांचे दुकान."
मी हसले, एकटीच, फुटपाथवर.
आणि लगेच तिच्या मागून तो:
"थांब. वास घे."
मी थांबते. घेते.
नवा रंग, काच पुसायचं पाणी.

दुईलियो आता ग्राझला, लेकीकडे.
दर गुरुवारी फोनवर विचारतो, बेकरी कशी आहे?
मी म्हणते, गर्दी असते.
म्हणजे मीही जुना नकाशाच.
खसखशीचे पाव अजून आठला संपतात का?
हो, म्हणते, आठच्या आतच.

रविवारी मात्र मी समुद्राकडे जाते.
धक्का सरळ पाण्यात घुसतो,
नाकासमोर चालायचं, बस,
दगडांच्या फटींत काठी अडकते, सुटते.
डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी,
दोघांचा आवाज वेगळा, कारण
उजवीकडे होड्या बांधलेल्या असतात.
कुणीतरी मँडरिन सोलतं.
कुणीतरी स्लोव्हेनमध्ये रुसलेलं.

टोकाशी आले की बाई गडबडते.
"मार्ग पुन्हा शोधत आहे."
मग बराच वेळ काही नाही.
मग, काहीशी दुखावून:
"तुम्ही कोणत्याही रस्त्यावर नाही.
सर्वात जवळचा रस्ता दोनशे मीटर मागे."

आठवडाभरात माझ्याशी
इतकं खरं कुणी बोलत नाही.

दोरखंड बांधायच्या लोखंडी खुंटावर मी बसते.
ऊन लोखंडात उतरलेलं असतं.
आज खूण करायची ठरवून आले होते.
बटण दाबलं. "या जागेचं नाव सांगा."
तोंड उघडलं, सुचेना.
तेवढ्यात वारा आला आणि
आत शिरला तो आत शिरलाच.
"जतन केले," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी इथे पोचले की
बाईचं वाक्य संपेल
आणि त्याच्यामागे, दुईलियोच्या जागी,
चार सेकंद नुसता वारा वाजेल.
वारा नसला तरी.

आता उठावं.
दोनशे मीटर मागे. मग डावीकडे.
मग तो निर्लज्ज खांब.